शिफारसपत्र कोणाचें घ्यावें?

पूर्वीं घरांतील मुलगा परगांवीं शिकावयास निघाला म्हणजे त्याच्या वळकटींत एक चिठ्ठी हटकून असावयाची. ती वडिलांच्या कोणा वजनदार स्नेह्यानें तेथील दुसऱ्या वजनदार गृहस्थांस लिहिलेली असे, आणि मुलगा आपलाच समजून सांभाळून घ्यावा यापलीकडे तींत फारसें कांहीं नसे. चिठ्ठी कोणीं लिहिली यालाच सारें महत्त्व. मुलगा कसा आहे हा प्रश्न मागाहूनचा. आतां वळकटी गेली, तिच्या जागीं चाकांची पेटी आली, आणि मुलें पुण्या-मुंबईऐवजीं बॉस्टन, लंडन, पॅरिस यांच्या गोष्टी बोलूं लागलीं. परंतु चिठ्ठीविषयींची आम्हां वडीलधाऱ्यांची समजूत मात्र होती तेथेंच राहिली आहे. व्यवस्थापनाच्या, म्हणजे एम्. बी. ए. च्या, शिक्षणासाठीं परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या मुलांस ही समजूत कशी नडते हें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें. त्यांत आमचा स्वतःचाही दोष होता, म्हणूनच तो प्रकार वाचकांस सांगावयास आम्ही धजतों.

आमचे थोरले बंधु व आम्ही अजून एकाच घरांत राहतों. बंधूंचा मुलगा इंजिनियर असून पुण्याजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यांत चार वर्षें काम करीत होता. अमेरिकेंतील तीन बिझनेस स्कूलांकडे अर्ज करावयाचें त्यानें ठरविलें. परीक्षेचे गुण उत्तम आले, निबंध लिहून झाले. राहिलीं तीं शिफारसपत्रें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर झोपाळ्याभोंवतीं सारें घर जमलें आणि पत्रांचा विचार सुरू झाला. बंधु म्हणाले, "माझे एक शाळासोबती आज एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या सहीचें पत्र गेलें म्हणजे झालें." वहिनींना आपले मामेभाऊ आठवले, ते सरकारांतील फार वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा कोपऱ्यांत बसला होता. तो आम्हांस हळूच म्हणाला, "पण काका, त्या दोघांपैकीं कोणींच माझें काम पाहिलेलें नाहीं." यावर आम्हीं उत्तर दिलें, "त्यांनीं तुला ओळखण्याची गरज नाहीं. जग त्यांना ओळखतें, तेवढें पुरे!" हें उत्तर मोठें चतुरपणाचें आहे असें त्या वेळीं आम्हांस वाटलेंही.

चार दिवसांनीं अध्यक्षांच्या चिटणिसाकडून निरोप आला, "साहेबांना सवड नाहीं. मजकूर तुम्हीच लिहून पाठवा." मुलानें दोन रात्री बसून, लाजत लाजत, आपलीच स्तुति लिहिली. होतकरू, कष्टाळू, सुशील, मनमिळाऊ हीं सारीं विशेषणें तींत होतीं. मार्च महिन्यांत तीनही ठिकाणांहून नकार आला. मुलाखतीलाही कोणीं बोलाविलें नाहीं. नकाराचें कारण या संस्था सहसा कळवीत नाहींत, तेव्हां दोष केवळ पत्रांचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पत्र लिहिणारास या संस्था काय काय विचारतात तें आम्हीं त्यानंतर बारकाईनें वाचलें, आणि आपण काय पाठविलें होतें याचा उलगडा झाला.

आपल्याकडे 'कॅट' परीक्षेवरून आय. आय. एम्. संस्थांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो, तेथें असलीं पत्रें लागत नाहींत. त्यामुळें हा विषय आपल्या घरांस नवखा आहे. परदेशांतील संस्था पत्रें कां मागतात तें आधीं समजून घेतलें पाहिजे. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ सालीं निघाली. तेथील शिक्षणाची मुख्य रीति अशी कीं, एखाद्या धंद्यांतील खराखुरा पेंचप्रसंग वर्गापुढें ठेवावयाचा आणि त्यावर विद्यार्थ्यांनीं वाद करावयाचा. अलीकडच्या वर्षांत तेथील सुमारें ९०० जागांसाठीं आठ ते दहा हजार अर्ज येत आहेत. त्यांत बुद्धिमान मुलें पुष्कळच असावयाचीं. केवळ गुण पाहून त्यांच्यांत निवड करणें कठीण. हा मुलगा दुसऱ्याचें ऐकून घेतो कीं नाहीं, चूक दाखविली असतां फुरंगटतो कीं सुधारतो, अडचणीच्या वेळीं चार माणसें त्याच्या मागें उभीं राहतात कीं नाहीं, हें गुणपत्रिका सांगत नाहीं. आणि त्याचा स्वतःचा निबंध सांगत असला तरी त्यावर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे. तें सांगावें त्याच्याबरोबर काम केलेल्या माणसानें.

म्हणूनच या संस्था पत्राची संख्या थोडी ठेवतात, पण तें कोणाचें असावें याविषयीं काटेकोर असतात. हार्वर्ड दोन पत्रें मागते. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथें १९५७ सालीं स्थापन झालेली इन्सिआद ही संस्थाही दोन मागते. स्टॅन्फर्डलाही दोन लागतात, आणि त्यांपैकीं एक, शक्य असेल तर, अर्जदाराच्या सध्यांच्या प्रत्यक्ष वरिष्ठाचें असावें अशी तिची अपेक्षा असते. एम्. आय. टी. च्या स्लोन स्कूलला पत्र एकच पुरतें. पण तिला त्याबरोबर अर्जदाराच्या कचेरींतील अधिकारांचा तक्ता हवा असतो. कोण कोणाच्या हाताखालीं काम करतो, अर्जदाराची जागा कोणती, पत्र लिहिणाराची कोणती, हें त्यावरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. आमच्या बंधूंच्या शाळासोबत्यांस या तक्त्यांत कोठें बसवावयाचें होतें? ते त्या कारखान्याचेच नव्हते!

पत्र म्हणजे कोऱ्या कागदावर चार ओळी, ही कल्पनाही सोडून द्यावी. जीमॅट परीक्षा चालविणाऱ्या संस्थेनें शिफारसपत्राचा एक सामाईक नमुना केला आहे व पुष्कळ बिझनेस स्कूल तोच वापरतात. त्यांतील प्रश्न साधारण असे: अर्जदाराशीं तुमचा कामाचा संबंध काय? अशाच जागेवरील दुसऱ्या होतकरू माणसांशीं तुलना करतां त्याचें काम कसें आहे, हें उदाहरणें देऊन सांगा. तुम्हीं त्याला सुधारणेची सर्वांत महत्त्वाची कोणती सूचना केलीत, ती कोणत्या प्रसंगीं, आणि ती ऐकून त्यानें काय केलें? याखेरीज निरनिराळ्या गुणांचा एक तक्ता असतो. त्यांत प्रत्येक गुणासाठीं पांच पायऱ्या असून अर्जदार कोणत्या पायरीवर आहे हें दाखवावयाचें असतें.

हे प्रश्न वाचून आम्ही चपापलों. आपल्या लोकांत स्तुति म्हणजे विशेषणें. "मुलगा फार कष्टाळू आहे" हें वाक्य कोणाविषयींही लिहितां येतें, म्हणून तें कोणाविषयींच कांहीं सांगत नाहीं. उलट, "पावसाळ्यांत रस्ता खचून माल अडकला तेव्हां हा मुलगा दोन दिवस पुरवठादाराच्या दारांत बसून राहिला, आणि त्यानें आधीं त्या गृहस्थांचें थकलेलें बिल आमच्याच हिशेबखात्याकडून चुकतें करविलें", एवढें लिहिलें तर कष्टाळूपणा, व्यवहारज्ञान आणि न्यायबुद्धि तिन्ही दिसतात, आणि एकही विशेषण खर्चीं पडत नाहीं. दोषाच्या प्रश्नाचें तर आपणांस भयच वाटतें. ज्याचें बरें व्हावें असें वाटतें त्याचें उणें लिहिणें आपल्याकडे विश्वासघातासारखें मानतात. परंतु सुधारणेस कांहीं जागाच नाहीं असें लिहिणारा वरिष्ठ एक तर नीट पाहत नसला पाहिजे, नाहीं तर खरें सांगत नसला पाहिजे. आणि तक्त्यांत सर्वत्र पांचवी पायरी दाखविली म्हणजे वाचणारा तोच निष्कर्ष काढतो. शिवाय सूचना ऐकून मुलगा कसा वागला हें ज्यानें सूचना केली त्यालाच ठाऊक असतें. हा एक प्रश्न बड्या पण दूरच्या माणसास कायमचा अडवून ठेवतो.

तेव्हां पत्र कोणाचें घ्यावें याचें उत्तर सोपें आहे: ज्यानें मुलाचें काम जवळून व अलीकडे पाहिलें असेल आणि त्याविषयीं लिहिण्याची ज्याला मनापासून इच्छा असेल, त्याचें. हुद्दा हा यानंतरचा विचार. पहिली पसंती प्रत्यक्ष वरिष्ठास द्यावी. दुसरें पत्र वेगळ्या बाजूनें पाहिलेल्या माणसाचें असावें. पूर्वींच्या नोकरींतील वरिष्ठ, दुसऱ्या खात्याचा प्रमुख, किंवा ज्याचें काम मुलानें वर्षभर केलें असा ग्राहक चालेल. दोन्ही पत्रांनीं एकच गोष्ट सांगितली तर दुसरें फुकट गेलें असें समजावें. कॉलेजांतील प्राध्यापकांविषयीं आपल्याला आदर असतो. पण चार-पांच वर्षें नोकरी केलेल्या मुलानें प्राध्यापकांचें पत्र जोडलें तर या मुलास कचेरींत कोणी भेटला नाहीं काय, अशी शंका येते. नुकताच पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. नातलग व घरोब्याचे स्नेही मात्र पूर्णपणें वर्ज्य करावेत.

येथें दोन अडचणी हटकून येतात. पहिली अशी कीं, वरिष्ठास पत्र मागणें म्हणजे आपण नोकरी सोडणार असल्याची वर्दी देणें. त्यामुळें बढती जाण्याचा, प्रसंगीं नोकरीच धोक्यांत येण्याचा संभव असतो, आणि ही भीति खोटी नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या जाणत्या माणसाचें पत्र घ्यावें, आणि सध्यांच्या वरिष्ठाचें कां घेतलें नाहीं तें अर्जांत दोन वाक्यांत सरळ सांगावें. ही अडचण संस्थांस नवीन नाहीं. दुसरी अडचण घरच्या धंद्यांत असलेल्या मुलांची. तेथें वरिष्ठ म्हणजे वडील किंवा काका, आणि त्यांचें पत्र चालत नाहीं. अशा मुलानें घराबाहेर पाहावें. ज्याच्याशीं मालाच्या दरावरून त्याची घासाघीस झाली तो जुना पुरवठादार, मोठा ग्राहक, हिशेब तपासणारे चार्टर्ड अकौंटंट, कर्जाचें प्रकरण पाहणारे बँकेंतील अधिकारी, यांपैकीं कोणीं तरी मुलाचा कस पाहिलेला असतोच.

माणूस ठरला म्हणजे विचारण्याचीही एक रीति आहे. "पत्र द्याल काय?" असें विचारलें तर भिडेस्तव कोणीही होय म्हणतो. "आपणांस माझ्याविषयीं मनापासून व सविस्तर लिहितां येईल असें वाटतें काय?" असें विचारावें, म्हणजे नाहीं म्हणावयास वाट राहते, आणि नाराजीनें लिहिलेल्या पत्रापेक्षां वेळीं मिळालेला नकार केव्हांही बरा. अर्जांची पहिली फेरी बहुधा सप्टेंबरांत व दुसरी जानेवारीच्या आरंभीं संपते. त्याआधीं निदान दीड-दोन महिने विचारावें. लिहिणाराला एक टिपण द्यावें. कोणतें काम केव्हां केलें, कोणत्या संस्थेकडे केव्हांपर्यंत पत्र जावयाचें, आपण हें शिक्षण कां घेऊं इच्छितों, एवढें त्यांत असावें. आठवण करून देणें निराळें आणि पत्र लिहून देणें निराळें. "तूंच लिहून आण, मी सही करतों" हें वाक्य आपल्या कचेऱ्यांतून उदारपणाचें समजतात. पण या संस्था असलें लेखन अप्रामाणिकपणाचें मानतात, आणि त्यांचें तें मानणें रास्त आहे. तीं पत्रें वाचणारीं माणसें वर्षानुवर्षें तेंच काम करतात. मुलाचा निबंध आणि त्याच्या साहेबांचें पत्र एकाच हातचें असलें तर तें त्यांच्या नजरेंतून सुटणें कठीण. शिवाय प्रवेश दिल्यानंतरही अर्जांतील मजकुराची चौकशी करण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणीं आहे.

घरांतील वडील मंडळींस आणखी एक मोह होतो, तो म्हणजे पत्र पाठविण्यापूर्वीं पाहण्याचा. तें साधत नाहीं, आणि साधूंही नये. लिहिणाराला त्याच्या ई-मेलवर परस्पर दुवा येतो व तो तेथूनच पत्र पाठवितो. अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें विद्यार्थ्यास आपल्याविषयींचे कागद पाहण्याचा हक्क मिळाला आहे. पण शिफारसपत्रापुरता तो हक्क सोडून देण्याची सोय त्यांत ठेविली आहे, आणि बहुतेक अर्जदार तो सोडतात. आपल्यामागें लिहिलेल्या पत्रावरच वाचणाराचा विश्वास बसतो, हें त्यांतील मर्म.

जवळून पाहिलेल्या माणसाच्या शब्दाचें महत्त्व सांगणारें एक उदाहरण आपल्याच प्रांतांतील आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेंत एक शाळकरी मुलगा नित्य वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं पाहिला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढें त्याच्या उच्च शिक्षणासाठीं सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला तो याच केळुसकर गुरुजींनीं. ते धनिक नव्हते कीं अधिकारी नव्हते. त्यांनीं मुलाला वाचतांना पाहिलें होतें. १९१३ सालीं आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथें अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांच्या हाताखालीं शिकले. १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें जावयास निघाले, तेव्हां सेलिग्मन यांनीं तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांस त्यांच्याविषयीं शिफारशीचें पत्र लिहिलें. सेलिग्मन मोठे होते हें खरें; पण ते त्यांचे शिक्षक होते, आणि लिहिण्याचा अधिकार त्यांस या दुसऱ्या नात्यानें आला होता.

आमच्या पुतण्याची हकीकत अर्धवट राहिली आहे. नकारानंतर त्यानें पुन्हां अर्ज करण्याचें ठरविलें, आणि या खेपेस झोपाळ्यावरची सभा भरली नाहीं. त्याच्या खात्याच्या प्रमुख एक बाई आहेत, वयानें त्याच्याहून सात-आठ वर्षांनीं मोठ्या. त्यांचें नांव आमच्या घरांत पूर्वीं कोणीं उच्चारलें असलें तर तें त्या मुलाला उशिरापर्यंत थांबवितात या तक्रारीपुरतेंच. त्यांच्याकडे तो गेला. त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या, मग म्हणाल्या, "जर्मनीच्या कामासाठीं मीं तुझें नांव सुचविलें होतें. आतां तें मागें घ्यावें लागेल. पत्र मी लिहीन, पण माझें मी लिहीन. आणि गेल्या वर्षीं तूं कामगारांना न विचारतां पाळ्या बदलल्यास, तो प्रकारही त्यांत येईल."

मुलगा घरीं आला तो उतरल्या चेहऱ्यानें. जर्मनीचें काम तर गेलेंच, वर दोषही लिहिला जाणार! वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. बंधु म्हणाले, "अजून वेळ आहे, दुसरें कोणी पाहूं." या वेळीं मात्र आम्हीं मुलास विचारलें, "पाळ्यांचा घोटाळा झाल्यावर तूं काय केलेंस?" तो म्हणाला, "बाईंनीं मला खडसावलें. मग मी आठवडाभर तिसऱ्या पाळीला जाऊन बसलों. रात्रीं शेवटची बस किती वाजतां जाते हेंसुद्धां मला ठाऊक नव्हतें, काका. नंतर आम्हीं सर्वांनीं बसून पाळ्या पुन्हां लाविल्या." आम्ही बंधूंकडे पाहिलें. हा प्रसंग आमच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हता. एका घरांत राहून जें आम्हीं पाहिलें नाहीं, तें त्या बाईंनीं पाहिलें होतें. काखेंत कळसा असतां आम्ही गांवाला वळसा घालीत होतों.

पत्र गेलें. त्यांत काय होतें तें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. जर्मनीच्या कामावर दुसरा मुलगा गेला, आणि ते सहा महिने पुतण्यानें मुकाट्यानें काढले. या खेपेस अर्ज केलेल्या तीन संस्थांपैकीं दोघींनीं पुन्हां नकारच दिला. तिसरीनें मुलाखतीस बोलाविलें, आणि मुलाखत घेणारानें इतर गोष्टींबरोबर तिसऱ्या पाळीविषयींही विचारलें. तेथें त्याला जागा मिळाली.

ज्या घरांत आज असा अर्ज तयार होत असेल, तेथील वडील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, आपल्या ओळखींची यादी काढण्यापूर्वीं मुलास एक प्रश्न विचारावा: "तुझी चूक तुला तोंडावर सांगितली, असा तुझ्या कामांतला मनुष्य कोण?" तें नांव आपल्या ओळखीचें बहुधा नसेल. पत्र त्याचें घ्यावें. प्रवेशाची बातमी आली त्या संध्याकाळीं आमच्या बंधूंनीं पेढे आणविले. पहिला पुडा देवापुढें ठेवला. दुसरा घेऊन ते स्वतः त्या बाईंच्या घरीं गेले.